आंबेनाल्याचे नऊ दिवस

१

आधी लेकराचे ओठ निळे पडले, मग नखं.

करंजटोलीच्या कापगत्यांच्या घरातलं ते चार महिन्यांचं पोर. आई चंदा टायफॉइडनं अंथरुणाला खिळलेली, अंगावर दूध नाही, म्हणून डब्यातल्या पावडरीच्या दुधावर वाढत होतं. आजीला वाटलं, नजर लागली. तिनं मीठ-मोहरी ओवाळून टाकली. मंगळवारी सकाळी पोर रडायचंसुद्धा थांबलं तेव्हा त्याला पवनीला नेलं, तिथून भंडाऱ्याला. डॉक्टरांनी रक्त काढलं तर ते लाल नव्हतं, चहाच्या चोथ्यासारखं तपकिरी होतं.

"बाळाचं दूध कुठल्या पाण्यात कालवत होतात?" डॉक्टरांनी विचारलं. तेव्हा दुपारचा एक वाजला होता. दोन वाजता सगळं संपलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या घरातल्या पाण्याची बाटली रत्नमाला गजभियेच्या टेबलावर आली. रत्नमाला भंडाऱ्याच्या एका प्रयोगशाळेत एकोणीस वर्षं पाणीच तपासत होती. नायट्रेट लिटरमागे पंचेचाळीस मिलिग्रॅमच्या वर गेलं की ते पाणी तान्ह्या लेकरांना विष, हे ती गावोगावी सांगत फिरायची. शेतातल्या युरियाचं नायट्रेट होऊन पाण्यात उतरतं, ना रंग ना वास, आणि तान्ह्याच्या रक्तातला प्राणवायू तोडतं. बाटलीतल्या पाण्याचा आकडा आला एकशे अठरा. तिनं तीनदा मोजलं. तिन्ही वेळा तोच.

मग तिनं संगणक उघडला. करंजटोलीची पिण्याच्या पाण्याची विहीर आंबेनाल्यापासून वीस पावलांवर होती. उन्हाळी धानाच्या बांध्यांमधलं, म्हणजे भातखाचरांमधलं, पाणी नाल्यात येई आणि नाल्यातलं झिरपून विहिरीत. म्हणूनच डिसेंबरात तिनं नाल्यात एक यंत्र बसवलं होतं. हातभर लांबीची पोलादी नळी, तिला बोटभर फट, आणि त्या फटीतून आरपार जाणारा, डोळ्यांना न दिसणारा जांभळ्यापलीकडचा प्रकाश. पाण्यात नायट्रेट जितकं जास्त, तितका तो प्रकाश पलीकडे कमी पोचतो. दर पाव तासाला यंत्र मोजायचं आणि आकडा भंडाऱ्याला पाठवायचं. पंचेचाळीस ओलांडले की गावातल्या दोन फोनवर संदेश जाई, विहिरीला कुलूप लागे, आणि गाव बौद्ध वस्तीतल्या बोअरवेलच्या हापशीवरून पाणी नेई. फेब्रुवारीत असं अकरा दिवस झालं होतं. कुणाला काही झालं नव्हतं.

पडद्यावरची रेघ आधीचे नऊ दिवस सहा-सातवर सपाट झोपलेली होती. मंगळवारी दुपारी सव्वाचारला ती एकदम एकशे चारवर उडाली होती.

पोर जाऊन तेव्हा सव्वादोन तास झाले होते.

रत्नमालानं यंत्र बसवल्याचा कागद काढला. "यंत्र अचूक चालते" या ओळीखाली सही तिचीच होती.

२

गुरुवारी सकाळी ती करंजटोलीला पोचली तेव्हा चौकातल्या कृषी केंद्रासमोर पन्नासेक माणसं जमली होती. शटर खाली होतं आणि त्यावर दगडांच्या खुणा होत्या. दुकान विनोद लांजेवारचं. युरिया तोच विकायचा, आणि नाल्याच्या वरच्या अंगाला त्याचीच सात एकर भाजीची वाडी होती.

"त्यानंच मशीन बिघडवलं, मॅडम," एक जण म्हणाला. "आकडा वाढला का लोक त्याच्याच नावानं बोंबलत. आज त्याले बाहेर काढतोच."

"संध्याकाळपर्यंत थांबा," रत्नमाला म्हणाली. "यंत्र पाहिल्याशिवाय कोणाचं नाव घेऊ नका."

कापगत्यांच्या अंगणात लेकराचे आजोबा, जागेश्वर कापगते, बाजेवर बसले होते. दोनदा सरपंच झालेले, आता पाणी समितीचे अध्यक्ष. साठीचा ताठ माणूस दोन दिवसांत वाकला होता.

"तुमच्या मशीनवर भरोसा ठेवला आमी," ते म्हणाले. नजर जमिनीवरच होती. "रोज फोन पाहो. सहा, सात, सहा. पानी चांगलं हाये, म्हणे तुमचं मशीन."

रत्नमालानं उंबऱ्याबाहेर चपला काढल्या. ती आत गेली. चंदा भिंतीकडे तोंड करून पडली होती. कौशल्याबाई, जागेश्वरांची बायको, चुलीपाशी बसली होती. चूल पेटलेली नव्हती.

"माझ्यानं काय चुकलं, सांग न माय," कौशल्याबाईनं तिचा हात धरला. "कच्चं पानी कधी देल्लं नाई म्या. चांगलं आटेवरी उकळून, मंगच दूध कालवलं."

उकळल्यानं जंतू मरतात, नायट्रेट मरत नाही. पाणी आटतं तसं उलट घट्ट होत जातं. हे या बाईला आज सांगायचं नाही, एवढंच रत्नमालानं ठरवलं.

"फेब्रुवारीत विहीर बंद होती तेव्हा पाणी कुठून आणलं तुम्ही?"

"आसगाववरून. यायनं गाडीवर कॅना आणल्या, अकराही दिवस."

पाणी ठेवायच्या ओट्यावर दोन खळगे होते, रांजण बसवायचे. एका खळग्यात रांजण होता. दुसरा रिकामा.

"दवाखान्यात सगळेच होते?" उठता उठता रत्नमालानं विचारलं.

"सगळेच. फक्त शेवटच्या घडीले हे नव्हते." कौशल्याबाईनं पदर तोंडाला लावला. "एक वाजता डॉक्टरनं पान्याचं विचारलं आन हे उठले. गावात निरोप द्याले जातो म्हणे. नातवाचं तोंड बी नाई पाहिलं त्यायनं."

३

यंत्राजवळ धम्मदीप रामटेके उभा होता. वस्तीतला तिशीचा शिकलेला तरुण, यंत्राची देखभाल त्याच्याकडे होती. नाल्यावरच्या पुलाच्या कठड्याला लोखंडी पेटी, पेटीतून निघालेली केबल पाण्यातल्या पाइपात, आणि पाइपाच्या तोंडावर कुलूप.

"कुलूप तोडलेलं नव्हतं?"

"नाही, मॅडम. किल्ल्या दोनच. एक माझ्याजवळ, एक अध्यक्षांकडे. मी दर सोमवारी फट पुसतो. मागचे दोन सोमवार मात्र..." तो अडखळला. "आकडे चांगले येऊन राहिले होते, म्हणून आलोच नाही. मंगळवारी संदेश आला तेव्हा धावत येऊन विहिरीले कुलूप लावलं. पाच वाजले होते. पोराचं तर मले सातले कळलं, गाडी गावात आली तेव्हा. साऱ्या गावाले तेव्हाच कळलं."

रत्नमालानं नळी बाहेर काढली, पुसली आणि सोबत आणलेल्या तीन बाटल्यांत एकामागून एक बुडवली. तिन्हींचे आकडे तिला आधीच माहीत होते. वीस, पन्नास, शंभर. यंत्रानं सांगितलं वीस, पन्नास, शंभर.

क्षणभर तिला हायसं वाटलं आणि लगेच त्या हायसं वाटण्याची लाज वाटली.

पुलाच्या पायरीवर बसून तिनं मांडीवर लॅपटॉप उघडला. यंत्र नायट्रेटबरोबर आणखी दोन गोष्टी नोंदवत होतं, पण त्या कुणी बघत नसे. एक, पाण्याचा गढूळपणा आणि कुजलेल्या पानांचा अंश, दुसऱ्या एका प्रकाशानं मोजलेला. दुसरी, पाण्याचं तापमान.

मार्चमधला नाला पहाटे बावीस अंशांवर असतो, दुपारी तिशीच्या पुढे तापतो. त्या नऊ दिवसांत मात्र तापमान तेवीस-चोवीसच्या आसपासच रेंगाळत होतं. कुजलेल्या पानांचा अंश जवळपास शून्य. सगळ्या नाल्यात मोहाची फुलं सडत होती, आणि यंत्र मात्र म्हणत होतं, पाणी काचेसारखं नितळ आहे.

"धम्मदीप," ती हळू आवाजात म्हणाली, "यंत्र खोटं बोललं नाही. त्यानं जे पाहिलं तेच सांगितलं. नऊ दिवस ते या नाल्यात नव्हतंच."

पुलाच्या कमानीखाली सावलीत ओली वाळू होती. तिच्यात एक गोल खोलगट ठसा उमटला होता, दोन वीत रुंद. शेजारी लाल खापरीचा एक तुकडा पडला होता.

४

विनोद लांजेवार दुकानाच्या मागच्या खोलीत पोत्यांमागे बसला होता. मनगट सुजलेलं, सदरा फाटलेला.

"खत मी विकतो, हे खरं हाये," तो म्हणाला. "वाडीतलं पानी नाल्यात जाते, तेही खरं. त्यासाठी मले काय करायचं ते करा. पण त्या मशीनले हात लावला नाई, मॅडम. लावाचा असता तर फेब्रुवारीतच लावला असता. तेव्हा माझ्या दारात शेण फेकलं लोकायनं."

"तुमच्या घरी तेव्हा पाणी कुठून यायचं?"

"वस्तीतून. बायको जाये, मी बी जाओ. पान्याले काय होते?"

यंत्राची किल्ली त्याच्याकडे नव्हती. तरी किल्ली चोरता येते, उसनी घेता येते. रत्नमाला तिथून निघाली आणि पिशवीतलं छोटं उपकरण घेऊन गावभर फिरली. गावात पाण्याच्या पाच जागा होत्या. शाळेची हापशी बत्तीस. मारुतीजवळची एकेचाळीस. तळ्याकाठची विहीर अडतीस. नाल्याजवळची विहीर एकशे अकरा.

वस्तीतली बोअरवेल, सहा.

नितळ, सहा नायट्रेटचं पाणी अख्ख्या गावात फक्त एकाच जागी होतं.

धम्मदीप सोबत होता. आकडा पाहून त्याचा चेहरा उतरला. "म्हणजे पाणी आमच्याच बोअरचं," तो पुटपुटला. "मॅडम, फेब्रुवारीत अख्खं गाव इथं येऊन राहिलं होतं. बोअर आटन म्हणून वस्तीतले लोक कुरकुर करत होते, मीही केली होती. आता हे बाहेर पडलं तर..."

पुढचं रत्नमालाला न बोलताच कळलं. तिचं बालपण अशाच एका वस्तीत गेलं होतं.

हापशीसमोरच्या घरातली बायजाबाई उंबरठ्यावर सुपात तांदूळ निवडत होती. "आमच्या बोरीचं पानी साऱ्यायले चालते आता," ती हसली. "मानसायले चालते, बैलायले चालते. मी कोनालेच नाई म्हनत नाई."

रत्नमाला आभार मानून वळली. चार पावलं गेली असेल, तोच गल्लीच्या तोंडाशी ती चौकातली माणसं दिसली. कुणीतरी तिच्या मागे राहून आकडा ऐकला होता.

"पानी अठलंच होतं न?" पुढचा माणूस ओरडला. त्याचा हात धम्मदीपकडे होता. "किल्ली बी याच्याजवळच! आमचं लेकरू मारलं यायनं!"

५

"थांबा!" रत्नमाला मध्ये उभी राहिली. आवाज आपला आहे की दुसऱ्याचा, हेच तिला कळेना. "मला अर्धा तास द्या. अर्ध्या तासात नाव नाही सांगितलं तर मलाच पोलिसांत द्या. त्या यंत्राच्या कागदावर सही माझी आहे."

ती हापशीच्या कट्ट्यावर बसली आणि लॅपटॉप पुन्हा उघडला. गर्दी गेली नाही, पण पुढेही आली नाही. धम्मदीप भिंतीला टेकून उभा होता.

सपाट रेघ तिनं मोठी करून पाहिली. ती पुरती सपाट नव्हती. आकडा सहापासून हळूहळू सातकडे चढे, मग एकदम सहावर येई. नऊ दिवसांत दोनदा. नळी रांजणात ठेवली असेल, तर त्यातलं पाणी पाझरून उडतं, उरलेलं घट्ट होतं, आणि कुणीतरी ताजं पाणी ओतलं की आकडा पुन्हा खाली. शेवटची भर पडली होती शनिवारी सकाळी साडेनऊला.

शनिवारी सकाळी नऊ वाजता भंडाऱ्यात देखभालीचं प्रशिक्षण सुरू झालं होतं. ते रत्नमालाच घेत होती, आणि पहिल्या बाकावर धम्मदीप बसला होता. त्यानं ते पाणी ओतणं शक्यच नव्हतं.

मग दुसरी किल्ली. पाचही जागांच्या आकड्यांची यादी जानेवारीत तिनं या गावात दोघांनाच, धम्मदीपला आणि अध्यक्षांना, दिली होती, सही घेऊन. बोअरवेलचं पाणी सहाचं, हे त्या दोघांनाच ठाऊक होतं.

तरीही तिचं मन मानेना. स्वतःचा नातू ज्या पाण्यावर वाढतोय, त्याचा आकडा कुणी लपवतं का?

मग तिला मंगळवार आठवला. सव्वाचारला नळी पुन्हा नाल्यात आली होती. गावाला बातमी कळली सातला. म्हणजे पाण्यानंच घात केला, हे सव्वाचारच्या आधी ज्याला कळलं होतं, त्यानंच नळी परत ठेवली. आणि ते कळायला डॉक्टरांचा प्रश्न ऐकलेला असायला हवा होता. एक वाजता, भंडाऱ्यात, त्या खाटेजवळ.

निरोप तर फोनवरही देता आला असता.

ती उठली आणि बायजाबाईजवळ गेली. "बाई, मघाशी बैल म्हणालात. बैलांसाठी कोण पाणी नेतं इथून?"

"कापगते पाटील," बायजाबाई सहज म्हणाली. "तीनदा आला होता न गाडी जुपून, कॅना घेऊन. मले म्हणे, बैल आजारी हायेत, गोड पानी पाह्यजे. दूर उभा राहे तो, तठी लिंबाखाली. मीच भरून देओ." सूप खाली ठेवून ती म्हणाली, "काहून? मेले का त्याचे बैल?"

गल्लीच्या तोंडाशी पुढच्या माणसानं हात खाली घेतला.

६

गर्दी चौकापर्यंत मागे आली आणि तिथंच थांबली. रत्नमाला एकटी कापगत्यांच्या अंगणात गेली. जागेश्वर तसेच बाजेवर बसले होते. तिनं खापरीचा तुकडा त्यांच्यासमोर ठेवला. त्यांनी तो उचलला नाही.

"बैल कसे आहेत, भाऊ?"

परसात कोंबडी कुरकुरत होती. मग त्यांनी विचारलं, "बायजानं सांगतलं?"

"आधी यंत्रानं सांगितलं. बाईंनी नंतर."

"फेब्रुवारीत अकरा दिवस मी पाह्यलं," जागेश्वर म्हणाले. आवाज खोल विहिरीतून आल्यासारखा होता. "आमच्या घरायतल्या बाया पान्याच्या गुंड्या घेऊन तठी लायनीत उभ्या. त्यायच्या हातानं पानी घेऊन राहिल्या. माझ्या बापाच्या काळी ते लोक आमच्या विहिरीच्या सावलीले उभे राहत नोते. आमचेच पोरं हासत माह्याकडे पाहून. आता पुन्हा आकडा चढू लागला. बेचाळीस, चव्वेचाळीस. मले वाटलं, दहा-पंधरा रोजाची तर गोष्ट हाये. बांध्यायतलं खत वाहून जाते, मंग ठेवतो मशीन जागेवर. पानी तर साफ दिसे, मॅडम. चवीले बी गोड."

"यंत्राला फसवायला मात्र त्यांचंच पाणी चाललं."

त्यांनी खापरीचा तुकडा पायानं बाजूला सारला.

"आणि तुम्ही सगळं गाव नऊ दिवस ते पाणी पीत ठेवलंत. तुमच्या घरात तान्हं होतं."

"चंदाचं दूध आटलं ते मधातच, चौथ्या रोजी," ते म्हणाले. "बाया पावडर कालवते, हे मले ठाऊक होतं. पण लेकरायले जास्त लागते, हे ध्यानातच नाई राह्यलं. तुमी सांगतलं होतं ग्रामसभेत. मी खुर्चीवर बसलो होतो तठी, पुढच्याच." त्यांनी दोन्ही हात डोक्यावर घेतले. "डॉक्टरनं पानी म्हटलं आन माह्या पायाखालची जमीन गेली. बाकीच्या लेकरायचा तरी जीव वाचन म्हणून पळत आलो."

"आणि रांजण फोडलात."

"हो," ते म्हणाले. "फोडला."

"चौकात विनोदला मारायला निघाले होते. मघाशी धम्मदीपला. तुम्ही इथं बसून ऐकत होतात."

रत्नमालानं पिशवीतून कोरा कागद काढला, जे ऐकलं ते उभ्या उभ्या लिहिलं आणि त्यांच्यासमोर धरलं. दोनदा सरपंच झालेल्या त्या माणसानं सही केली. अक्षर वळणदार होतं. पोलिसांना फोन लावताना तिच्या मनात विजयाचं काहीही नव्हतं. एका लेकराच्या जिवापुढे हे सगळं उत्तर कवडीचं होतं.

तेवढ्यात दारात हालचाल झाली. कौशल्याबाई उंबरठ्यावर उभी होती. ती केव्हापासून ऐकत होती कोण जाणे. तिनं नवऱ्याकडे पाहिलं नाही. ती आत गेली, विहीर बंद झाल्यावर पुन्हा आसगाववरून आलेली ओट्यावरची कॅन उचलली, अंगणात आणून उपडी केली. पाणी बाजेच्या पायांशी पसरलं. मग तिनं पितळेची गुंडी कमरेवर घेतली आणि चालू लागली.

"कौशल्या," जागेश्वर म्हणाले. "कुठी जातं?"

ती थांबली नाही.

चौकातली माणसं बाजूला झाली. रत्नमाला थोडं अंतर ठेवून मागे गेली. वस्तीतल्या हापशीवर सात-आठ बाया होत्या. कौशल्याबाईला पाहून त्या आपोआप मागे सरकल्या; सुतकातली बाई, वरून पाटलीण. बायजाबाई सवयीनं पुढे आली आणि तिनं गुंडीला हात घातला.

"नको," कौशल्याबाई म्हणाली. "माझा नंबर येऊ दे."

ती रांगेच्या शेवटी जाऊन उभी राहिली. ऊन तापलं होतं. एकेक बाई पाणी भरून गेली. नंबर आला तेव्हा तिनं गुंडी नळाखाली ठेवली, पदर खोचला आणि दांडा हापसायला सुरुवात केली. पाणी आलं, गुंडी भरली, काठावरून वाहू लागली, वाहून नालीत गेलं. ती हापसतच राहिली. डोळे कोरडे होते आणि तोंडातून प्रत्येक झटक्यासरशी एकच शब्द निघत होता, 'जोजो', लेकराला झोपवताना काढतात तसा.

बायजाबाईनं जवळ जाऊन तिचे दोन्ही हात दांड्यावरच धरले.

"बस, माय," ती म्हणाली. "भरली."